उसना श्वास

“बाई, पोराची धाप ऐकू येते आहे ना, तोवर भिऊ नका. ती ऐकू येईनाशी झाली आणि पोरगं उठून खेळायला लागलं नाही, तर मात्र जेवत्या ताटावरून उठून या.”

मूल गावच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा कमळाने मान हलवली आणि मनात म्हटलं, हे काय उलटंच! नागपुरात इंटर सायन्सपर्यंत शिकलेली ती. धाप थांबली म्हणजे पोराला बरं वाटलं, एवढं कळायला डॉक्टर कशाला हवा? अडीच वर्षांच्या विसूची छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजायची. तो आवाज कसाही करून थांबावा, म्हणून तर ती गोळ्यांची पुडी न्यायला बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत आली होती. डॉक्टरांचं बोलणं तिने एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. पुडी मात्र पदराच्या गाठीत नीट बांधली.

तो पौष महिना. धान निघून खळी मोकळी झाली होती आणि कमळाच्या सासरी, वाकलटोल्याला, शंकरपट भरला होता. पट म्हणजे बैलांच्या शर्यती. सिंदेवाहीपासून नागभीडपर्यंतचे छकडे येणार, धुरळा आभाळाला भिडणार, हरलेला जिंकलेल्याच्या बैलाला नावं ठेवणार, हे दरसालचंच. पण त्या साली नवल झालं. बैल धावत होते आणि लोक बैलांकडे पाठ करून उभे होते. सगळ्यांची तोंडं मोहाच्या झाडाखालच्या फळ्यांच्या मंचाकडे. गेल्या साली मतदानाला एवढी गर्दी झाली नव्हती!

मंचावर पवनबाबा उभा होता. अंगावर भगवी कफनी, पायात सागवानी खडावा, हातात मोरपिसांचा कुंचा आणि तोंडात निम्मी हिंदी.

“सुनो भाई, सुनो माई! डाक्टर का देते? सुईत पानी भरून देते. पानी कोणाले पाहिजे? बोडीत पानी नाई का? मी हवा देतो हवा! सच्ची, ताजी, काशीची हवा! अन् हवेचे पैसे घेत नाई बरं. नारळ ठेवा, तांदूळ ठेवा, धोतरजोडी ठेवा, अन् हवा घेऊन जा!”

“जय पवनबाबा!” गर्दी गरजली.

त्याच्यापुढे दहा-अकरा वर्षांची एक मुलगी उभी होती. पिवळा परकर, कपाळभर शेंदूर, दोन्ही डोळ्यांवर दुधाळ सायीसारखा पडदा. तिला जन्मापासून दिसत नव्हतं.

“ही वायुकन्या! गंगामाईनं काशीच्या घाटावर माह्या ओटीत टाकली. डोळे नाई दिले, पर छातीत गावभराचा श्वास भरून देल्ला. ज्याचा श्वास कमी पडते, त्याले ही आपला उसना देते. कोण आहे धापेचा? या समोर!”

मुखरू म्हातारा समोर आला. त्याचा जुना दमा साऱ्या गावाला ठाऊक. दोघांनी धरून त्याला मंचाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. मध्ये नारळांच्या राशी, पेटती निरांजनं, धूपदाण्या. बाबा मंत्र पुटपुटत मागे फेऱ्या घालू लागला, खडावा फळ्यांवर वाजू लागल्या, आणि ती आंधळी पोर चालू लागली. नारळाला ठेच नाही, निरांजनाला परकर नाही. इकडे वळली, तिकडे वळली, थेट मुखरूपुढे थांबली आणि तिने त्याच्या छातीवर हात ठेवला.

“बापा रे!” बाया कानशिलावर बोटं मोडू लागल्या.

बाबाने कुंच्याचा दांडा पोरीच्या मानेला लावला. पोरीची छाती थांबली. पटातला नावाजलेला गाडीवान देवाजी पुढे झाला आणि त्याने सावरीच्या कापसाचा तंतू तिच्या नाकाखाली धरला. तंतू हलेना. इकडे बाबाचा दुसरा हात मुखरूच्या पाठीवरून सावकाश वर जाई, सावकाश खाली येई. वर जाताना “हुंऽऽ”, खाली येताना “हाऽऽ”. पाहता पाहता मुखरूची धाप हळू झाली. म्हातारा डोळे मिटून निवांत श्वास घेऊ लागला.

“आला रे आला! पोट्टीचा श्वास मुखरूच्या छातीत आला!”

मग बाबाने पोरीच्या पाठीवर शाबासकीचा हात मारला. तिने मोठा श्वास ओढला. उसना दिलेला श्वास परत आला, म्हणे.

खोटं कशाला सांगायचं, कमळाच्याही अंगावर काटा आला. ती भानावर आली तोवर तिच्या सासूने, सुगंधाबाईने, मंचावर नारळ ठेवून वचनही देऊन टाकलं होतं, की उद्या नातवाला घेऊन येते. बाबाने एकच अट घातली. “डाक्टरी दवा बंद. दवा पोटात असली का दुसऱ्याचा श्वास टिकत नाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी विसू धापा टाकतच उठला. कमळाने फडताळ पाहिलं, डबे पाहिले. पुडी नव्हती.

“आत्याबाई, विसूच्या गोळ्या कुठे आहेत?”

“चुलीत.” सुगंधाबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“चुलीत? अहो, त्याला आज गोळी नाही दिली तर...”

“तर का होते? तुह्या कालेजात का शिकवते मले माहीत नाई, कमळे. मी तीन लेकरं ह्याच धापेत घालवली. तिन्ही वेळा वैद्याचा काढा देल्ला होता. एकटा गुणवंता राह्यला. आता ह्या पोराले देवाच्या हाती देऊन राह्यली तं तू आडवी येतं?”

सुपातले तांदूळ भिजत होते. सासू रडत होती आणि निवडतही होती. नवरा, गुणवंतराव, जंगल खात्यात कारकून. तो अहेरीकडे सागवानाच्या तोडीवर गेलेला. येईल तेव्हा येईल. गावात दवाखाना नाही. मूलला जायचं तर गाडी हवी, आणि गाव झाडून सारं पटात.

कमळाने विसूला मांडीवर घेतलं. काही सुचेना, म्हणून त्याच्या पाठीवरून हात फिरवत गुणगुणू लागली. हात वर, “हुंऽऽ”. हात खाली, “हाऽऽ”. आपण बाबाची नक्कल करतो आहोत हे तिच्या उशिराने लक्षात आलं. आणि त्याहून उशिराने हे, की विसूचा श्वास तिच्या हाताबरोबर चालायला लागला होता. घाबरून भराभरा ओढत होता तो जरा सावकाश ओढू लागला.

कमळाने हात थांबवला. इथे ना बाबा होता, ना वायुकन्या. मग हा श्वास कुणी उसना दिला?

कुणीच नाही. लेकराची भीती तेवढी कमी झाली होती. छातीतली शिट्टी जिथल्या तिथे होती. कान लावला तर स्पष्ट ऐकू येत होती. भीती हाताने जाते, रोग जात नाही. म्हणजे मुखरूलाही काल धीर मिळाला होता, औषध नव्हे.

पण ती पोर? तिला दिसत नाही, हे तर खरं होतं.

पोराला कडेवर घेऊन ती गाडीसाठी देवाजीकडे गेली. तो बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर, पटाचे बैल धूत होता.

“भाऊ, मूलपर्यंत गाडी जुंपाल का? विसूला दवाखान्यात न्यायचंय.”

“आज? बाई, आज गावातला उंदीर बी पटात आहे! दिवस मावळला का नेतो, आईची आण. अन् कायले जाता? आज तं बाबा याले हवा देणार आहे ना!” देवाजीने जीभ टाळूवर आपटली. ट्टक, ट्टक. पाण्यातला ढवळ्या बैल उजवीकडे वळून काठाला आला. बैलाचा त्या बाजूचा डोळा पांढरा पडलेला होता.

“याला दिसतं का हो?”

“उजव्या डोळ्यानं नाई. कानानं पाह्यते थो!” देवाजी खुशीत आला. “एक टिचकी, सरळ. दोन टिचक्या, उजवीकडे. शेपटीच्या बुडाले अंगठा लागला का जाग्यावर उभा. पाठीवर थाप बसली का सुटला! सारा पट असाच मारते.”

“कुणी शिकवलं?”

“कोण शिकवन? मीच! जनावर आहे, शिकवलं का शिकते.”

कमळाच्या कानात कालच्या खडावा वाजल्या. टक. टक टक. मंत्र कुणी ऐकत नव्हतं, पण खडावा? तिने हळूच विचारलं, “आणि बाबाच्या पोरीला कुणी शिकवलं असेल, भाऊ?”

देवाजीने दोन्ही कानांना हात लावले. “अरे बापा! असं बोलू नका. थे देवाची पोट्टी आहे. तिले कोण शिकवते?”

झाडीपट्टीतला माणूस जन्मभर बैल हाकतो. जीभ वाजवून वळवतो, अंगठा लावून थांबवतो, थाप मारून सोडतो. त्याच्यापुढे हाच खेळ माणसाच्या लेकरावर केला, तर त्याला ओळखू येत नाही! कारण बैल असा वागला तर ती शिकवण, आणि अनाथ पोर अशी वागली तर तो चमत्कार. देवाजी सकाळी बैलाला टिचकी देत होता आणि संध्याकाळी त्याच टिचकीला नमस्कार करत होता.

तिसऱ्या प्रहरी सुगंधाबाई नातवाला घेऊन मंचावर चढली. कमळा मागोमाग निघाली तर बाबाने कुंचा आडवा धरला. “शिकलेल्या बाईची हवा गरम असते! तिले खाली ठेवा!” लोक खो खो हसले. बायांनी तिला मंचाच्या कडेला दाबून धरलं.

धूपदाण्या पेटल्या. धुराचा लोट उठला. विसू खोकला, पुन्हा खोकला. त्याच्या मुठीत लहान पोरांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी होता. भादव्यात बापाने घेऊन दिल्यापासून त्याने तो झोपेतही सोडला नव्हता.

खडावा वाजू लागल्या. कमळा आता डोळ्यांनी पाहत नव्हती, ऐकत होती. टक. पोर सरळ निघाली. टक टक. उजवीकडे वळली. खडाव फळीवर घासली गेली. पोर थांबली. पुन्हा टक. विसूपुढे आली, त्याच्या छातीवर हात ठेवला. दांडा मानेला लागला. पोरीचा श्वास थांबला.

“हुंऽऽ,” बाबा विसूच्या पाठीवर हात फिरवू लागला. विसूची शिट्टी बारीक झाली. मग आणखी बारीक. मग ऐकू येईना.

“थांबली! पोराची धाप थांबली!” गर्दीने एकच गजर केला. सुगंधाबाईने हात जोडले.

कमळाला एवढंच दिसलं, की विसूची मूठ सैल झाली. लाकडी नंदी फळीवर पडला, घरंगळत कडेला आला. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती आणि आवाज मात्र काही नव्हता. ती ओरडली, “आत्याबाई, त्याला खाली द्या! तो बरा नाही झाला!”

“चूप बस वो! श्वास येऊन राह्यला त्याच्यात!” मागून कुणीतरी तिच्या तोंडावर हात ठेवला.

बोलायची सोय उरली नव्हती. हाताशी नंदी होता. तिने तो उचलला आणि फळीवर जोरात आपटला. टक टक.

वायुकन्या उजवीकडे वळली.

टक. तिने विसूच्या छातीवरचा हात काढला आणि बाबाकडे पाठ करून सरळ कमळाकडे चालत आली.

गजर मध्येच तुटला. बाबाने घाईघाईने खडाव वाजवली. कमळाने नंदी वाजवला. पोर मध्येच थबकली, कोणाचं ऐकावं तिला कळेना. “भूतबाधा! ह्या बाईनं भूत सोडलं!” बाबा ओरडला. पण देवाजीचे डोळे फाटले होते. त्याने हातातली पुराणी, बैल हाकायची काठी, मंचावर ठोकली. टक टक. पोर पुन्हा उजवीकडे वळली.

“अबे, हे तं माह्या ढवळ्यावानी!” देवाजी म्हणाला.

मग काय विचारता! गावाला खेळच सापडला. कुणी चप्पल आपटली, कुणी काठी. “इकडं ये वो!” “काशीची हवा इकडं!” हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. ती पोर प्रत्येक टकटकीला वळत होती, गरगर, गरगर. बाबाला शिव्या देणारे आणि हसणारे तेच, काल पाया पडणारे तेच.

त्या हशात एकट्या कमळाला पोरीचे ओठ दिसले. निळे पडत चालले होते. मानेला दांडा लावून श्वास थांबवला होता, पण सोडायची थाप कुणी दिलीच नव्हती!

बायांचे हात झिडकारून कमळा वर चढली आणि तिने पोरीच्या पाठीवर हात मारला. पोरीने केवढा तरी श्वास ओढला, गुडघ्यांवर कोसळली, कमळाचं लुगडं घट्ट धरून म्हणाली, “माहं चुकलं का? पाठीवर हात नाई पडला, म्हणून म्या श्वास नाई सोडला. मारू नका जी.”

हशा तुटला. उगारलेल्या काठ्या-चपला खाली आल्या.

“नाव काय तुझं?” लुगडं सोडवून विसूकडे वळता वळता कमळाने विचारलं.

“बुधरी.”

काशीच्या घाटावर कुणी पोरीचं नाव बुधरी ठेवत नाही. ते नाव इथलंच, जंगलातल्या कुठल्याशा टोल्यावरचं, लहानशा वस्तीवरचं. हेही साऱ्यांना कळलं. पण कळून कोणी पुढे झालं नाही. त्या शांततेत बुधरीची धाप ऐकू येत होती. तेवढीच. दुसरी कुठलीच ऐकू येत नव्हती.

सुगंधाबाईने नातवाच्या छातीला कान लावला. तिने तीन लेकरांच्या छातीला असा कान लावलेला होता. ती किंचाळली, “कमळे, हा वाजत नाई वो! देवाजीऽ, गाडी जुंप!”

पटाचे बैल त्या दिवशी शर्यत सोडून मूलच्या वाटेवर धावले. कमळा हलक्या छकड्यात पोराला छातीशी धरून बसली होती. हात पाठीवर, “हुंऽऽ, हाऽऽ”. याने रोग जात नाही, हे ठाऊक असूनही. दुसरं करण्यासारखं तिच्याजवळ काहीच नव्हतं. पुढे देवाजीची जीभ वाजत होती आणि एका डोळ्याने आंधळा ढवळ्या वाटेतला प्रत्येक दगड चुकवत होता.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी पोराच्या छातीला नळी लावली. सुई टोचली आणि खुर्ची ओढून बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग विसूच्या छातीतून बारीक शिट्टी आली. मग मोठी. मग लोहाराचा भाता. जो आवाज बंद व्हावा म्हणून कमळाने देव पाण्यात ठेवले होते, तो ऐकून तिला हुंदका फुटला. डॉक्टर म्हणाले, “आता वाजतो आहे. आता मी आहे.”

चार दिवसांनी विसू नंदी मागू लागला, तेव्हा ती वाकलटोल्याला परतली. मंचाच्या फळ्या निघाल्या होत्या. बाबा त्याच संध्याकाळी पोरीला घेऊन निघून गेला होता.

“जाऊ दिलंत?” तिने पाटलाला विचारलं.

“मंग का करता, बाई? थो म्हणे, पोट्टी माही आहे. थे बी हो म्हणाली.”

“ती भीतीने म्हणाली!”

“असन. पर आपल्या गावची तं नाई ना?”

कमळाने पोलीस ठाण्यात जाऊन सांगितलं. गुणवंतराव आल्यावर त्याला जंगलातल्या टोल्या-टोल्यांवर विचारायला लावलं. कुणाची बुधरी हरवली आहे का? एका टोल्यावर एक होती, ती तापाने गेली होती. दुसऱ्यावर दोघी होत्या, दोघी घरीच होत्या. मुखरूने दवाखान्याचं औषध पुन्हा सुरू केलं. सुगंधाबाई आता नातवाच्या गोळ्या स्वतःच्या कनवटीला ठेवते आणि देवाची पूजाही करते. त्यावर कमळाचं काही म्हणणं नाही. पण ती पोर सापडली नाही.

आता सरळच सांगायचं. श्वास कुणाला उसना देता येत नाही. हळू आवाजाने आणि पाठीवरच्या हाताने घाबरलेला जीव शांत होतो, हे खरं आहे. प्रत्येक आई ते जाणते, त्याला कफनी लागत नाही. पण शांत होणं म्हणजे बरं होणं नव्हे. धापेचा माणूस गप्प झाला तर नारळ फोडू नका, त्याच्या छातीला कान लावा आणि दवाखान्याची वाट धरा. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर आपल्या रोजच्या कामात असं काही आहे का, एवढं आधी स्वतःला विचारा. बहुतेक वेळा असतं.

बाबाची चिंता करू नका. त्याने नाव बदललं असेल, कफनीचा रंग बदलला असेल. तो वरोऱ्याच्या बाजारात असेल, नाहीतर चिमूरच्या यात्रेत. त्याला गर्दी मिळेलच. पण तुमच्या गावी असा खेळ आला आणि त्यात दुधाळ डोळ्यांची एक पोर दिसली, तर हसू नका, नमस्कारही करू नका. जवळ जा. तिला बुधरी म्हणून हाक मारा. ती श्वास घेते आहे का पाहा. आणि घेत नसेल, तर आधी तिच्या पाठीवर हात ठेवा.